मेल 'पाठवला' आणि मेल 'पोचला' यात फरक आहे, साहेब

पोस्ट लांब आहे आणि मधेमधे तांत्रिक आहे. पण ज्यांच्या घरात कुणी नोकरीचे किंवा ॲडमिशनचे फॉर्म भरतंय त्यांनी वाचावी, आणि ज्यांच्या ऑफिसात एखादं पोरगं एकटं सर्व्हर सांभाळतंय त्यांनी तर जरूर वाचावी. चहा घेऊन बसा.

गेल्या महिन्यात आपल्याच जिल्ह्यातल्या एका संस्थेत लिपिक भरती होती. कागदपत्र पडताळणीची पत्रं उमेदवारांना ईमेलने गेली. म्हणजे संस्थेचं म्हणणं, गेली. साधारण निम्म्या लोकांना मिळाली, निम्म्यांना नाही. ज्यांना मिळाली नाहीत त्यातले काही जण तारीख उलटल्यावर, मित्राकडून कळलं म्हणून, धावत गेटवर गेले. तिथे उत्तर तयार होतं : "आम्ही सगळ्यांना मेल केलाय. स्पॅम फोल्डर बघा."

पूर्वी "साहेब जेवायला गेलेत, उद्या या" म्हणायचे. आता "स्पॅम बघा" म्हणतात. समोरच्याला वाटतं चूक आपलीच असणार. पोरं बिचारी गेटवरच मोबाईल काढून स्पॅम फोल्डर उघडून बघत होती. त्यात लोनच्या जाहिराती होत्या, पत्र नव्हतं.

संस्थेचं नाव लिहीत नाही. प्रकरण अजून मिटलेलं नाही, आणि असं फक्त तिथेच होतं असंही नाही.

मला हे कळलं ते तिथला सर्व्हर बघणाऱ्या मुलाच्या फोनमुळे. रात्री साडेअकराला फोन. "सर, साहेब म्हणतायत तूच काहीतरी घोळ घातलास. मी तीनदा सर्व्हर रीस्टार्ट केला. साहेबांच्या जीमेलवर टेस्ट मेल टाकला, तो लगेच पोचला. मग बाकीच्यांचे का पोचले नाहीत?" मुलगा एजन्सीमार्फत कंत्राटावर. वेबसाइट, मेल, बायोमेट्रिक, सीसीटीव्ही, साहेबांच्या घरचा प्रिंटर, सगळं त्याच्याकडे.

मी या धंद्यात बरीच वर्षं आहे. म्हणून आधी त्या मुलासारख्या इतर सगळ्यांसाठी सांगतो, आणि मग साहेब लोकांसाठी.

पहिलं म्हणजे, आल्या आल्या रीस्टार्ट मारू नका. आपल्याकडे ही सवय टीव्हीला थापटी मारण्याइतकी जुनी आहे. रीस्टार्टने कधीकधी चालू होतं हे खरं, पण का बंद पडलं होतं ते त्याबरोबर पुसलं जातं. कुठली प्रोसेस मेमरी खात होती, कुठली जोडणी अडकली होती, ते परत दिसत नाही. आणि पुढच्या मंगळवारी तेच पुन्हा. आधी पाच मिनिटं नुसतं बघा. रांगेत किती मेल अडकलेत, डिस्क किती भरलीये, लॉगच्या शेवटच्या शंभर ओळी काय सांगतायत. वहीत वेळ घालून लिहा. मग हात लावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं, तर कशाने झालं ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

दुसरं, एक टेस्ट मेल पोचला म्हणजे सिस्टीम बरी आहे असं नाही. इथे तर त्या एका टेस्ट मेलनेच सगळ्यांना तीन दिवस गाफील ठेवलं.

मी विचारलं, लॉगमध्ये काय आहे? म्हणाला, काहीच नाही. मेल संध्याकाळी सहा ते सात या वेळात गेले होते, त्या वेळेच्या ओळीच नाहीत. रिमोटने मशीन उघडून बघितलं तर घड्याळ यूटीसीवर. नवीन सर्व्हर उभा केला की बहुतेक वेळा तो यूटीसीवरच असतो, आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आपले संध्याकाळचे सहा म्हणजे लॉगमधले दुपारचे साडेबारा. मुलगा तीन दिवस रात्री साडेअकराच्या ओळींमध्ये संध्याकाळचे मेल शोधत होता. यात हसण्यासारखं काही नाही. मी स्वतः नवा असताना एकदा अख्खी रात्र अशीच घालवलीये.

साडेबाराच्या ओळी उघडल्या आणि सगळं समोर आलं. मेल सर्व्हर प्रत्येक मेलचं काय झालं ते एका शब्दात लिहून ठेवतो. आपल्याकडे लिनक्सवर बऱ्याच ठिकाणी पोस्टफिक्स असतो, त्याचे तीन शब्द महत्त्वाचे : सेंट, डिफर्ड, बाउन्स्ड. सेंट म्हणजे समोरच्या सर्व्हरने मेल ताब्यात घेतला. डिफर्ड म्हणजे आत्ता नाही, थोड्या वेळाने परत ये. बाउन्स्ड म्हणजे घेत नाही, जा. इथे शेकड्याने ओळी बाउन्स्ड होत्या.

आता हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं भांडण यावरच आहे. भरतीचं जे सॉफ्टवेअर होतं त्याच्या स्क्रीनवर प्रत्येक उमेदवारासमोर हिरवी खूण होती, 'यशस्वीरीत्या पाठवला'. साहेबांनी त्याच पानाची प्रिंट काढून फाइलला लावली होती. पण ती खूण एवढंच सांगते की सॉफ्टवेअरने मेल आपल्याच मशीनवरच्या मेल सर्व्हरच्या हातात दिला. म्हणजे जावक बारनिशीत नोंद झाली आणि पाकीट शिपायाच्या पिशवीत पडलं. शिपाई गेटबाहेर गेला का, पोस्टाने पाकीट घेतलं का, ते त्या खुणेला माहीतच नाही. ज्या ऑफिसात जावक क्रमांक आणि पोचपावती यातला फरक पन्नास वर्षं पाळला जातो, तिथे मेल आला की तो फरक कसा काय विसरला जातो, मला कळत नाही.

बाउन्स झालेल्या ओळीत कारणही लिहिलेलं असतं. तीन आकडी नंबर असतो. ४ ने सुरू झाला तर अडचण तात्पुरती, सर्व्हर स्वतःच परत प्रयत्न करतो. ५ ने सुरू झाला तर कायमचा नकार. त्याच्या शेजारी टिंबांनी जोडलेला आणखी एक नंबर असतो, खरी गोष्ट तो सांगतो. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही. ५.२.२ म्हणजे पेटी भरलीये. ५.७ ने सुरू होणारे म्हणजे पाठवणाऱ्यावरच भरवसा नाही, परवानगी नाही.

हे तीन नंबर म्हणजे तीन वेगवेगळ्या जबाबदाऱ्या आहेत. पत्ताच नाही, ही चूक बहुधा उमेदवाराची. किंवा ज्याने फॉर्म भरून दिला त्याची. आपल्याकडे निम्मे फॉर्म सायबर कॅफेत भरले जातात, घाईत 'जीमेल'चं 'जीमल' होतं, किंवा कॅफेवाला स्वतःचाच मेल टाकून देतो. पेटी भरलीये, हीसुद्धा घेणाऱ्याची अडचण. गुगलची फुकटची जागा १५ जीबी. त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळं आलं, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. लग्नाचे आणि गणपती मिरवणुकीचे व्हिडिओ साठले की पेटी भरते, आणि भरली की नवीन मेल येणं बंद. पोरांनो, फॉर्म भरायच्या आधी हे एकदा बघत जा.

पण तिसरा नंबर? ती चूक पूर्णपणे पाठवणाऱ्याची असते. उमेदवाराने काय वाटेल ते केलं असतं तरी तो मेल पोचला नसता.

इथल्या त्या शेकडो ओळींमध्ये दहाबारा पहिल्या प्रकारातल्या होत्या, थोड्या दुसऱ्या. बाकी झाडून सगळ्या तिसऱ्या.

कारण काय होतं ते सांगतो. ज्यांना तांत्रिक भाग नको त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण ॲडमिन लोकांनी सोडू नका, कारण असा बिघाड हुडकायला सगळ्यात अवघड. संस्थेने दोन महिन्यांपूर्वी सर्व्हर नवीन मशीनवर हलवला. नव्या मशीनला जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता होता, तसाच आयपीव्ही६ पत्ताही आपोआप मिळाला होता. पोस्टफिक्स मूळ सेटिंगमध्ये दोन्ही रस्ते वापरतो, आणि समोरचा सर्व्हरही दोन्हीकडे असेल तर कुठून जायचं ते जवळजवळ नाणं उडवून ठरवतो. जुन्या पत्त्याची उलटी नोंद, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी पीटीआर नोंद, व्यवस्थित होती. आयपीव्ही६ची कुणी केलीच नव्हती. गुगल अशा पत्त्यावरून आलेला मेल दारातच परत पाठवतं. म्हणून निम्मे गेले आणि निम्मे परत आले. साहेबांचा टेस्ट मेल नशिबाने बऱ्या रस्त्याने गेला. यात गुगलचा दोष नाही, हा नियम जुना आहे आणि जाहीर आहे. इलाज दोनच मिनिटांचा : आयपीव्ही६ची पीटीआर नोंद होस्टिंगवाल्याकडून करून घ्या, किंवा ती होईपर्यंत पोस्टफिक्सला फक्त जुन्या रस्त्याने जायला सांगा. आम्ही रात्री दुसरं केलं. मग एकाऐवजी वीस टेस्ट मेल टाकले, जीमेल, याहू, आउटलुक, सगळीकडे. वीसच्या वीस पोचले.

आणि हे आधी कुणाला का कळलं नाही? परत आलेला प्रत्येक मेल एक निरोप घेऊन येतो. ते निरोप कुठे येत होते? 'नो-रिप्लाय' नावाच्या पेटीत. मेल त्याच नावाने पाठवले होते ना. ती पेटी कुणीच उघडत नव्हतं. तिचा पासवर्ड आधीच्या व्हेंडरकडे होता आणि तो बदली करून घ्यावा असं कुणाला वाटलं नव्हतं. आम्ही ती उघडली तेव्हा आत हजारोंनी निरोप पडलेले. फक्त या भरतीचे नाहीत. आधीच्या निविदांचे, फी भरल्याच्या पावत्यांचे, तक्रारींना दिलेल्या उत्तरांचेही. गेले दोन महिने सर्व्हर ओरडून सांगत होता, आणि ज्या खोलीत ओरडत होता तिला बाहेरून कुलूप.

नो-रिप्लाय हा प्रकारच मला पटत नाही. लोकांना पत्र पाठवायचं आणि उत्तर ऐकणार नाही असं पाकिटावरच छापायचं. पण ठेवायचंच असेल तर निदान परत आलेल्या मेलसाठी एक चालू पेटी द्या, आणि ती रोज सकाळी कोण बघणार त्याचं नाव कागदावर लिहा.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने लॉगमधून पूर्ण यादी काढली. प्रत्येक पत्त्यासमोर वेळ, नंबर आणि समोरच्या सर्व्हरचं उत्तर. दहा मिनिटांचं काम. कुणाला पत्र मिळालं नाही हे आता कुणाच्या सांगण्यावर अवलंबून नव्हतं, संस्थेच्याच मशीनने लिहून ठेवलेलं होतं. यादी साहेबांच्या टेबलावर गेली.

साहेब म्हणाले, जाहिरातीत अट आहे. 'ईमेल न मिळाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.' विषय संपला.

मला वाटतं इथे विषय सुरू होतो. मी वकील नाही, पण माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम १३ कुणीही वाचू शकतं. दोन्ही पक्षांत वेगळं काही ठरलेलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पत्र 'रवाना' केव्हा झालं म्हणायचं? ते पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या यंत्रणेत शिरतं तेव्हा. आणि घेणाऱ्याने एखादी ठरावीक जागा नेमून दिली असेल, तर पत्र तिथे शिरतं तेव्हा ते 'मिळालं'. उमेदवाराने फॉर्मवर मेल आयडी लिहून दिला, म्हणजे जागा नेमून दिली. गुगलने दारातच नाकारलेला मेल त्या जागेत शिरलाच नाही. माझ्या मते तो मिळाला नाही एवढंच नाही, तो नीट रवानाही झाला नाही. आता ती अट म्हणजे 'वेगळं ठरलेलं' आहे असं साहेब म्हणतील. म्हणू देत. माझं म्हणणं, ती अट पत्ता चुकवणाऱ्यासाठी, पेटी भरून ठेवणाऱ्यासाठी आहे. संस्थेचा स्वतःचा सर्व्हर नादुरुस्त असेल तर त्याचं ओझं नांदायला गेलेल्या, शेतात असलेल्या, दोन एसट्या बदलून येणाऱ्या उमेदवारावर टाकण्यासाठी ती अट नाही. वेगवेगळी कारणं आहेत आणि वेगवेगळं माप लावता येतं, कारण तीन नंबर समोर आहेत. सगळ्यांना एकाच "स्पॅम बघा"मध्ये गुंडाळायचं काही कारण नाही.

"स्पॅम बघा" हे कधी बरोबर आहे तेही सांगतो. लॉगमध्ये सेंट लिहिलंय, समोरच्या सर्व्हरने २५० नंबर देऊन मेल घेतलाय, तरी माणूस म्हणतो दिसत नाही. तेव्हा जरूर म्हणा. पण आधी लॉग बघा आणि मग म्हणा.

आणि लॉग असला पाहिजे. इथे दुसरी गंमत. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत सरकारी संस्था आणि कंपन्या यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत. घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायची आहेत. ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या आहेत. आणि डेबियन किंवा उबंटूवर मेलचा लॉग मूळ सेटिंगमध्ये आठवड्याला फिरतो आणि चार जुने राहतात. म्हणजे साधारण महिना. त्यानंतर पुसला. कायदा सहा महिने म्हणतो, मशीन एक महिना ठेवतं, आणि मधल्या पाच महिन्यांबद्दल कुणी विचारत नाही. सेटिंगच्या फाइलमध्ये एक आकडा बदलायचा आहे, बाकी काही नाही. ॲडमिन मित्रांनो, ही पोस्ट वाचून एवढं जरी उद्या केलंत तरी खूप झालं. डिस्क तेवढी बघून करा.

डिस्कवरून आठवलं. मेल अचानक बंद पडले तर दहातल्या कितीतरी वेळा नुसती जागा संपलेली असते. जागा शिल्लक दिसत असूनही 'जागा नाही' असं येत असेल तर आयनोड बघा. लाखो बारक्या सेशन फाइल्स साठल्या की जीबी उरतात आणि आयनोड संपतात. आणि चालू लॉग फाइल डिलीट करून जागा मोकळी झाली नाही म्हणून घाबरू नका. प्रोग्रामने ती अजून धरून ठेवलेली असते. फाइल डिलीट करायची नसते, रिकामी करायची असते.

डिफर्डबद्दलही एक सांगायचं राहिलं, ते भरतीसारख्या तारखेच्या कामात फार घातक आहे. पोस्टफिक्स मूळ सेटिंगमध्ये तात्पुरत्या अडचणीत अडकलेला मेल ५ दिवस पाठवत राहतो, आणि तोवर पाठवणाऱ्याला अवाक्षर कळवत नाही. पडताळणी तिसऱ्या दिवशी, मेल परत आल्याचं कळणार सहाव्या दिवशी. चार तासांनी 'उशीर होतोय' असा निरोप यावा अशी सोय त्यात आहे, पण ती तुम्ही चालू करायची असते.

मेल परत येण्याची बाकीची नेहमीची कारणं भराभर सांगतो. डोमेनच्या एसपीएफ नोंदी दोन होणं. नवीन बल्क मेलवाला येतो, जुनी नोंद न बघता स्वतःची दुसरी टाकून जातो, आणि दोन्ही बाद होतात. नोंद एकच हवी, आणि तिच्यातून पुढे होणाऱ्या चौकश्या दहाच्या वर जाता कामा नयेत. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने नियम कडक केलेत. जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम हवंच, आणि दिवसाला ५००० च्या वर पाठवत असाल तर दोन्ही आणि वर डीमार्क. निकालाच्या दिवशी एखादं मोठं कॉलेज सहज त्या आकड्याला जातं. तपासायला कुठलंही महागडं सॉफ्टवेअर नको. स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, 'शो ओरिजिनल' उघडा, तिन्हींपुढे 'पास' आहे का बघा.

एखाद्या क्लार्कचा पासवर्ड फुटला आणि त्याच्या नावाने रात्रभर हजारो मेल गेले, तर ब्लॅकलिस्टमधून नाव काढा म्हणून आधी अर्ज करू नका. आधी पासवर्ड बदला, त्याची चालू सेशन्स तोडा, रांगेतली घाण काढा, आणि मग अर्ज करा. नाहीतर आज नाव निघेल आणि उद्या परत लागेल.

आणि डोमेन. तुमच्या संस्थेचं डोमेन कुणाच्या नावावर आहे, हे उद्या सकाळी विचाराच. मी पाहिलेल्या निम्म्या ठिकाणी ते आधीच्या व्हेंडरच्या नावावर, रिन्यूअलची आठवण त्याच्या खाजगी मेलवर, आणि तो पुण्याला जाऊन दुसराच धंदा करतोय. सातबारा शेजाऱ्याच्या नावावर ठेवून आपण त्यावर बंगला बांधणार नाही. इथे मात्र खुशाल बांधतो.

आता साहेब लोकांसाठी. तुमचा सर्व्हर बघणाऱ्या मुलाला कधी विचारलंय का, त्याच्याकडे कामांची यादी आहे का? सर्व्हर हलवताना उलट्या नोंदी तपासाव्यात असं कुठे लिहिलेलं होतं का? निविदेत 'सर्व्हर स्थलांतर' अशा दोन शब्दांत काम बसवलं, सगळ्यात कमी दराला दिलं, आणि घेताना 'वेबसाइट उघडते' एवढंच बघून बिल काढलं. मेल जातो का, परत आलेला कुठे जातो, बॅकअपमधून एक फाइल तरी परत काढून बघितली का, हे तपासायला कुणाला वेळ नव्हता. त्या मुलाची चूक झाली नाही असं मी म्हणत नाही. नोंद त्यानेच बघायला हवी होती. पण त्याने दोन महिन्यांपूर्वी नो-रिप्लायचा पासवर्ड मागणारं टिपण लेखी दिलं होतं. ते फाइलमध्ये आहे. त्यावर शेरा आहे, 'पाहिले'.

मागच्या आठवड्यात त्याला कारणे दाखवा नोटीस निघाली. मेलवर नाही. कागदावर, हातात देऊन, दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळ घालून सही घेतली. म्हणजे पत्र मिळाल्याचा पुरावा कसा ठेवायचा, ते ऑफिसला बरोबर माहीत आहे.

पडताळणीला दुसरी तारीख द्यावी अशी मागणी लेखी गेलीये. अजून उत्तर नाही. या किंवा अशाच कुठल्या भरतीत ज्यांना पत्र मिळालं नाही त्यांनी गेटवर वाद घालण्यात वेळ घालवू नका. माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये 'माहिती'च्या व्याख्येतच ईमेल आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातला मजकूर आहे, त्यामुळे संस्था त्या कायद्याखाली येत असेल तर अर्ज करा. अर्जात 'मेल पाठवला का' असं विचारू नका, त्याला ते हिरव्या खुणेची प्रिंट देतील. असं विचारा : माझ्या अमुक मेल आयडीवर अमुक तारखेला पाठवलेल्या मेलची मेल सर्व्हरच्या लॉगमधली नोंद, समोरच्या सर्व्हरने दिलेल्या उत्तरासह आणि नंबरसह द्यावी. आणि लवकर करा. तिथला लॉग महिन्यात पुसला जातो हे वर सांगितलंच आहे, त्यामुळे 'ही नोंद जपून ठेवावी' असं एक साधं पत्र आजच आवकला देऊन शिक्का मारून घ्या.

अर्जाचा मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये 'हवा' लिहा, मराठीत टाइप करून ठेवलाय, पाठवतो. इनबॉक्समध्ये आला नाही तर परत सांगा, स्पॅम बघा म्हणणार नाही.